नाटक नाही, किडनीचा परिणाम आहे : तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत, एसटीत कंडक्टर होते, सगळा हिशोब तोंडपाठ असायचा. शुगर बीपी बऱ्याच वर्षांपासून, आता जीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) १३ वर आलाय आणि डॉक्टर म्हणाले फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडायचं छोटं ऑपरेशन) करून घ्या, डायलिसिसची तयारी ठेवा. पण वर्षभरात अप्पा फार संथ झालेत. माणसं ओळखतात, ड्युटीवरच्या जुन्या गोष्टी सांगतात, पण सकाळच्या गोळ्या दोनदा घेतात, सुटे पैसे मोजताना अडकतात, डॉक्टरांसमोर सगळ्याला हो हो म्हणतात आणि रिक्षात बसलं की विचारतात, काय म्हणाले गं डॉक्टर? आई म्हणते वय झालं, भाऊ म्हणतो ऑपरेशन टाळायला नाटकं करतात. डायलिसिस सुरू झालं की डोकं ताळ्यावर येईल का? आणि हे डॉक्टरांना सांगावं का, कारण अप्पांना फार लागेल. (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, आधी तुमच्या भावाला हे वाचायला द्या. अप्पा नाटक करत नाहीयेत. किडनीचा आजार वाढत जातो तसा बऱ्याच पेशंटचा मेंदूही मंदावतो. किडनी आणि मेंदू दोन्हीकडच्या बारीक रक्तवाहिन्यांना शुगर आणि बीपीचा मार सारखाच बसतो, वर रक्तात साठलेली घाण आणि कमी झालेलं हिमोग्लोबिन. यात आठवण सगळ्यात आधी जात नाही, आधी जातं ते लक्ष, विचारांचा वेग, आणि चार पायऱ्यांचं काम क्रमाने करणं. म्हणूनच घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण माणसं ओळखतायत ना मग ठीक आहे असं वाटतं. डॉक्टरांकडूनही सुटतं बरं का. अमेरिकेत मिनियापोलिस भागात हिमोडायलिसिसवरच्या, म्हणजे मशीनने रक्त साफ करून घेणाऱ्या, ५५ वर्षांपुढच्या पेशंटची आठवण आणि विचारशक्ती नीट तपासली, २००६ साली ते छापून आलं, त्यात जेमतेम १३ टक्के लोक नॉर्मल निघाले आणि ३७ टक्क्यांना गंभीर त्रास होता, पण फाईलमध्ये तशी नोंद होती ३ टक्क्यांहूनही कमी लोकांच्या.

त्यामुळे डॉक्टरांना सांगाच, आणि फिस्टुलाच्या आधी सांगा. अप्पांसमोर बोलायला नको वाटत असेल तर घडलेले तीन-चार प्रसंग तारखेसकट कागदावर लिहा आणि नंबर लागायच्या आधी सिस्टरकडे द्या. मोका नावाची आठवण आणि विचारशक्ती तपासायची छोटी टेस्ट असते, ३० मार्कांची, १०-१५ मिनिटांत होते, त्यात घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा असं सांगतात, आणि हिशोबात पक्का असलेला माणूससुद्धा तिथे काटे कुठे लावू म्हणून थांबतो. जाताना चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर घेऊन जा, नाहीतर उगाच मार्क कमी पडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यातलं काही काही दुरुस्त होण्यासारखं असतं. अप्पा इन्सुलिनवर असतील तर बघा, किडनी थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, डोस तोच आणि शुगर मात्र पहाटे खाली, मग सकाळी माणूस गोंधळलेला. पायांची आग होते म्हणून गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन चालू असेल तर ती औषधं किडनीतूनच बाहेर जातात, डोस कमी केला नाही तर गुंगी येते. झोपेच्या, सर्दीच्या, मेडिकलमधून अशाच आणलेल्या गोळ्या, सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता, स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. हिमोग्लोबिन, सोडियम, बी १२, थायरॉईड या तपासण्या झाल्यात का विचारा. आणि अप्पा उदास आहेत का हेही बघा, डायलिसिस हा शब्द ऐकल्यापासून माणूस मनातून खचतो आणि ते बाहेरून विसरभोळेपणासारखंच दिसतं.

डायलिसिसने डोकं ताळ्यावर येईल का, तर थोडंफार, आणि सगळ्यांचं नाही. रक्तातल्या घाणीमुळे आलेला जडपणा काही आठवड्यांत कमी होऊ शकतो, रक्तवाहिन्यांचं झालेलं नुकसान भरून येत नाही. हिमोडायलिसिसच्या दिवशी बीपी पडतं, माणूस थकतो, त्या दिवशी सह्या, बँक, मोठे निर्णय काही नको.

फिस्टुला मात्र यासाठी पुढे ढकलू नका, तो तयार व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात. त्या हातातून रक्त काढायचं नाही आणि बीपी मोजायचं नाही, पण अप्पा लॅबमध्ये सवयीने तोच हात पुढे करतील, म्हणून सोबत कोणीतरी जायचं आणि खिशात चिठ्ठी ठेवायची. सीएपीडी, म्हणजे घरीच पोटातून होणारं डायलिसिस, चालेल का विचाराल, तर दिवसाला तीन-चार वेळा पोटात सोडायच्या पाण्याची पिशवी बदलायची, दरवेळी हात धुण्यापासून सगळं क्रमाने, ते एकट्या अप्पांच्या भरवशावर नको, घरातलं कोणी शिकणार असेल तर जरूर विचार करा. आणि ठरवताना अप्पांना बाजूला बसवून तुम्ही भावंडांनी ठरवू नका. सकाळी, टीव्ही बंद करून, एका वेळी एकच गोष्ट सांगा, मग विचारा, अप्पा, आईला हे कसं समजावून सांगाल? त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर कळलं, नुसतं हो म्हणाले तर उद्या परत सांगायचं.

एक दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, झोपाळले, हात पुढे धरले की फडफडायला लागले, तर ओपीडीच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि स्टारफ्रूट म्हणजे कमरख घरात आणूच नका, किडनीच्या पेशंटला त्याने न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, फिट्ससुद्धा येतात.

प्रश्न : मी ५२ वर्षांची, जीएफआर १८, अकाउंट्सचं काम करते, आकडे चुकायला लागलेत. हा अल्झायमर आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : फक्त यावरून अल्झायमर म्हणता येत नाही. वर सांगितलेल्या तपासण्या करून घ्या, रात्री घोरता का हे घरच्यांना विचारा, कारण झोपेत श्वास अडकण्याचा त्रास किडनीच्या पेशंटमध्ये बराच असतो. आणि ट्रान्सप्लांटबद्दल आत्ताच विचारा, डायलिसिस सुरू व्हायच्या आधीही तो करता येतो, आणि त्यानंतर अनेकांचं लक्ष आणि विचारांचा वेग सुधारतो.