‘टेस्ट कनेक्शन’ बटणामागची उघडी वाट

प्रश्न : आमच्या बिल्ड सर्व्हरवर जेनकिन्स (कोड आपोआप बांधून तपासणारं सॉफ्टवेअर) आहे. त्यातल्या एका प्लगइनमध्ये, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरमध्ये, परवानगीची तपासणीच नाही, अशी सूचना आली आहे, तीव्रता ‘मध्यम’. गैरफायदा घ्यायला नुसती ‘ओव्हरऑल/रीड’, म्हणजे आत येऊन वाचण्यापुरती, परवानगी पुरते. टीम लीड म्हणतात, सर्व्हर आतल्या नेटवर्कवर आहे, लॉगिन आपल्याच माणसांकडे आहे, रिलीजनंतर बघू. थांबावं का?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : थांबू नका, आजच अपडेट करा. बिल्ड सर्व्हर सांभाळणारी म्हणून सांगते, त्या ‘मध्यम’वर विसंबून राहण्यासारखं हे प्रकरण नाही.

जेनकिन्समध्ये ‘डू’ने सुरू होणाऱ्या जावा मेथडला (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला) थेट यूआरएल मिळते. बाहेरच्या सेवेशी जोडणी होते का हे पाहणाऱ्या ‘टेस्ट कनेक्शन’ बटणामागची मेथड त्यातलीच. सेटिंगचं पान फक्त ॲडमिनला दिसतं, म्हणून प्लगइन लिहिणारा निर्धास्त राहतो. पण पान न उघडताही ती यूआरएल मारता येते. मेथडमध्ये तपासणी नसेल, तर ‘रीड’वाला कुणीही तिला आपल्या सर्व्हरचा पत्ता आणि एक क्रेडेन्शियल आयडी (जेनकिन्समध्ये साठवलेल्या पासवर्ड किंवा टोकनचं नाव) देतो. जेनकिन्स साठवलेलं टोकन, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त किल्ली, मुकाट त्या पत्त्यावर पाठवून देतं. जून २०१८ मध्ये गिटहब प्लगइनच्या १.२९.१पर्यंतच्या आवृत्त्यांत अशीच चूक जाहीर झाली होती. आयडी कळायलाही फार खटपट लागत नाही. आयडींची ड्रॉपडाउन यादी भरणारी मेथड पुष्कळदा तितकीच उघडी असते, आणि आपण आयडीला सहज ओळखता येईल असं नाव देतो, ‘प्रॉड-डिप्लॉय’!

आता ‘आपल्याच माणसां’बद्दल. अशा मेथडी बऱ्याचदा साधी गेट रिक्वेस्टही (नुसत्या लिंकवर क्लिक केल्यानं जाणारी) स्वीकारतात. लॉगिन केलेल्या सहकाऱ्यानं मेलमधल्या फसव्या लिंकवर क्लिक केलं, की रिक्वेस्ट त्याच्याच ब्राउझरमधून, त्याच्याच नावानं आत जाते. त्याचा हेतू स्वच्छ असून काय उपयोग?

अपडेटनंतर त्या सर्व्हरवरची टोकनं आणि पासवर्ड बदला. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून हमखास राहून जातं. पण गळालेलं टोकन अपडेटनंतरही चालूच राहतं. लॉगिनशिवाय वाचायची मुभा असेल तर ती बंद करा. काही प्लगइनना दुरुस्ती येतच नाही. सूचनेत तसं लिहिलेलं असेल तर प्लगइन काढून टाका. आणि कंपनीनं स्वतः लिहिलेलं प्लगइन असेल, तर त्यातली प्रत्येक ‘डू’ मेथड उघडून पाहा : सुरुवातीलाच ‘चेकपरमिशन’ ही परवानगी तपासणारी ओळ आहे का, आणि कनेक्शन जोडणारी मेथड फक्त पोस्ट रिक्वेस्ट (नुसत्या लिंकवर क्लिक करून न जाणारी) घेते का.