सराफाकडची एक्स-रे मशीन दागिन्याचा कस कसा सांगते? तिच्यावर विश्वास ठेवावा का?

ठेवा, पण आधी मशीनमध्ये डिटेक्टर, म्हणजे परत येणारे किरण मोजणारा भाग, कोणता आहे ते विचारा. मी हॉलमार्किंग केंद्रात टंच काढतो, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासतो. गिऱ्हाईक स्क्रीनवरचा ९१.६ टक्के हा आकडा बघतं, आम्ही आधी आलेख बघतो.

मशीनमधली ट्यूब दागिन्यावर एक्स-रे टाकते. त्या माऱ्याने अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरचा त्या जागी उतरतो आणि फरकाची ऊर्जा एक्स-रे होऊन बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते; तिलाच त्याची रेषा म्हणतात, आणि आलेखात ती शिखरासारखी दिसते. किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सांगायचं तर तांब्याची मुख्य रेषा ८.०, जस्ताची ८.६, सोन्याची ९.७ आणि चांदीची २२.२. मोझली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये या रेषांचा नियम मांडला.

खरी गोम आहे ती परत आलेले किरण मोजण्यात. स्वस्त मशीनमध्ये वायू भरलेला प्रपोर्शनल काउंटर असतो. त्यात एकेक शिखर जवळजवळ एक किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट रुंद पसरतं. तांबं, जस्त, सोनं सगळं एकमेकांत मिसळतं आणि कुणाचा वाटा किती हे सॉफ्टवेअरला हिशेबाने सोडवावं लागतं. दागिन्यात नेहमीचेच धातू असतील तर उत्तर ठीक येतं. पण कुणी इरिडियम हा धातू घातला असेल तर? त्याची रेषा ९.२ वर, सोन्याला अगदी खेटून. अंधुक डिटेक्टर तेही सोन्यातच धरू शकतो. आणि गंमत म्हणजे फायर अ‍ॅसेलाही, म्हणजे नमुना भट्टीत वितळवून, बाकीचे धातू काढून उरलेलं सोनं तोलण्याच्या चाचणीलाही, ते चकवू शकतं, कारण चांदी विरघळवणाऱ्या नायट्रिक आम्लात इरिडियम विरघळत नाही, ते सोन्याच्या वजनातच राहतं.

सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर, म्हणजे एसडीडी, इथे कामाला येतो. त्यात शिखराची रुंदी ०.१५ च्या आसपास, त्यामुळे इरिडियम आणि सोनं सरळ वेगळे दिसतात. गॅट्टी आणि रेहाक या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ही रचना सुचवली. त्याआधीच्या चांगल्या सिलिकॉन डिटेक्टरांना द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावं लागे. याला विजेवरचा छोटा कूलर पुरतो, म्हणून तो पेढीच्या काउंटरवर मावला. चंद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरही हाच प्रकार होता, फक्त तिथे ट्यूबऐवजी किरणोत्सारी क्युरियम.

आता मर्यादा, कारण फसवणूक बहुतेक इथेच होते. डिटेक्टर कितीही भारी असो, सोन्यातून परत येणारे हे किरण जेमतेम वरच्या दहाएक मायक्रॉनमधले असतात. जाड मुलाम्याखाली काय आहे ते मशीनला दिसत नाही. टंगस्टन भरलेली लगड तर वजन-घनतेतही निसटते: सोन्याची घनता घन सेंटीमीटरला १९.३ ग्रॅम, टंगस्टन या धातूची जवळपास तेवढीच. अशा वेळी कापून किंवा वितळवून बघणं हा खात्रीचा मार्ग.

जुना दागिना मोडायला नेत असाल तर एकाच जागी मोजून घेऊ नका. पाटली असेल तर आतून-बाहेरून, साखळी असेल तर कडी सोडून मधल्या भागात, तीन-चार ठिकाणी. झाळलेल्या, म्हणजे डाग देऊन जोडलेल्या, जागी आकडा कमी येऊ शकतो, त्यावरून भाव पाडू देऊ नका. आकडे एकमेकांपासून फार लांब असतील तर वितळवून पुन्हा टंच काढायला सांगा, आणि वितळवताना समोर उभे राहा.