कळ एकदा दाबली, क्यू दोन सुटले

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे पार्श्वसंगीत विंगेत ठेवलेल्या मॅकवरील क्यूलॅब या नाट्यध्वनीच्या प्रोग्राममधून वाजते. मी प्रेक्षागृहाच्या मागील ध्वनिकक्षात बसतो. तेथील विंडोज लॅपटॉपला मिडी कंट्रोलर (संगीत-उपकरणांच्या संदेशपद्धतीने कळांचे संदेश पाठवणारे उपकरण) यूएसबीने जोडलेला असून, एक मोफत प्रोग्राम त्याचे संदेश ओएससीत (नेटवर्कवरून आदेश पाठवण्याच्या एका पद्धतीत) बदलून नाट्यगृहाच्या वायफायवरून मॅककडे पाठवतो. तालमीत सारे सुरळीत चालते; प्रयोगात मात्र कधी एका दाबण्याने दोन क्यू (ठरल्या वेळी सोडायचे आवाज) सुटतात, तर कधी एकही सुटत नाही. कंट्रोलर बदलावा काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कंट्रोलर बदलण्याची घाई करू नये, कारण या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि बहुधा दोन्ही त्याच्या बाहेर आहेत.

साधारणतः कंट्रोलरची कळ दाबताच १२७ हे मूल्य जाते आणि बोट उचलताच ० जाते. तुमच्या प्रोग्राममध्ये ‘काहीही आले की गो (पुढचा क्यू सोडण्याचा आदेश) पाठवा’ एवढीच सूचना असेल, तर दाबण्याचा एक आणि सोडण्याचा एक असे दोन आदेश निघतात. खात्री करून घेण्यासाठी कळ तीन सेकंद दाबून धरा; दुसरा क्यू नेमका बोट उचलताना सुटला, तर दोष येथेच आहे. मूल्य शून्याहून अधिक असेल तरच आदेश जावा, अशी अट घाला. मात्र कळ ‘टॉगल’ प्रकारावर (एका दाबण्याला १२७, पुढच्या दाबण्याला ०) असेल, तर या अटीमुळे दर दुसरे दाबणे वाया जाईल. म्हणून ती आधी ‘मोमेंटरी’ (दाबताच १२७, सोडताच ०) करून घ्या.

न सुटणाऱ्या क्यूचे मूळ मला जाळ्यात (नेटवर्कमध्ये) दिसते. ओएससीचे आदेश बहुधा यूडीपी या पाठवणी-पद्धतीने जातात आणि यूडीपीत पोचपावती नसते. त्यामुळे प्रेक्षकांच्या शेकडो मोबाइलनी भरलेल्या सभागृहात एखादा आदेश वाटेत हरवला, तरी पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरच्या बाबतीत हे खपून जाते, कारण हरवलेल्या मूल्यामागोमाग पुढचे येतच असते. पण ‘गो’ एकदाच जातो. क्यूलॅब टीसीपीनेही (पोचपावती घेणाऱ्या पद्धतीनेही) आदेश स्वीकारते, तरीही खराब वायफायवर तो आदेश उशिरा पोहोचू शकतो आणि पात्र कोसळल्यावर ऐकू आलेला गोळीचा आवाज प्रसंगाचा जीवच घेतो. म्हणून संस्थेचा स्वतंत्र राउटर ठेवून दोन्ही संगणक केबलने जोडावेत, असे मी आग्रहाने सांगेन. साध्या इथरनेट केबलची १०० मीटरची मर्यादा ध्वनिकक्ष ते विंग या अंतराला सहसा पुरते. मॅकला कायमचा आयपी पत्ता द्या आणि आदेश ५३००० या पोर्टवर (क्यूलॅब ज्या क्रमांकावर आदेश स्वीकारते त्यावर) जात असल्याचे पाहा.

एवढे करूनही प्रयोगाच्या वेळी मॅकजवळ संहिता हाती घेतलेला एक सहकारी असावा. क्यूलॅबमध्ये ‘गो’साठी मुळातच स्पेसबार नेमलेला असतो, तुमचा आदेश पोहोचला नाही, तर त्याला तो लगेच दाबता येईल.