अमेरिकेतल्या शाळांत शिक्षकांना बंदुका द्याव्यात का?

माझ्या मते अजिबात नाही. मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या प्राथमिक शाळेत पावणेचारशेच्या आसपास पोलीस जमले होते. सगळे प्रशिक्षित, हातात शस्त्रं. तरी हल्लेखोराला संपवायला ७७ मिनिटं गेली. १९ मुलं आणि २ शिक्षिका जिवानिशी गेल्या. जे त्यांना जमलं नाही ते गणित शिकवणाऱ्या बाईंनी करायचं? तेही वर्गात मुलांची धावपळ, किंकाळ्या सुरू असताना?

टेनेसीने २०२४ मध्ये तसा कायदा केलाच. वर्षाला ४० तासांचं प्रशिक्षण आणि शाळेची व पोलिसांची परवानगी घेतली की शिक्षक लपवून पिस्तूल बाळगू शकतो, आणि ते कोणाकडे आहे हे पालकांना कळतही नाही! पहिलीतली पोरं बाईंच्या कमरेला मिठ्या मारतात हो. तिथेच ते पिस्तूल असणार.

खेड्यातल्या शाळेत पोलीस पोचायला वेळ लागतो, हा मुद्दा मला पटतो. पण मग प्रशिक्षित रक्षक नेमा. आणि घरातली बंदूक कुलपात ठेवायला लावा. मिशिगनच्या ऑक्सफर्डमध्ये २०२१ साली ४ विद्यार्थ्यांना मारणाऱ्या पोराला पिस्तूल वडिलांनीच आणून दिलं होतं. २०२४ मध्ये आईवडील दोघांनाही तुरुंगवास झाला.