अँजिओग्राफी नॉर्मल, तरी फाइलवर ‘एंडोथेलियल डिसफंक्शन’. म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना बरीच वर्षं शुगर आहे, पिंपळगावला द्राक्षबाग आहे, चढावर चालताना छाती भरून येते. नाशिकला अँजिओग्राफी केली, ब्लॉकेज निघालं नाही. मग खर्च फुकट गेला का, आणि कुणीतरी सुचवलेली आर्जिनिनची (हे एक अमिनो आम्ल, प्रथिनांचा घटक) पावडर सुरू करावी का?

मी पॅथॉलॉजिस्ट, इंदिरानगरला लॅब चालवते. हृदयरोग हा माझा विषय नाही, त्यामुळे गोळ्यांचे डोस मला विचारू नका. बाकीचं सांगते.

खर्च फुकट गेला नाही. पण अँजिओग्राफीत हृदयाच्या मोठ्या धमन्याच दिसतात. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या त्यात उमटतच नाहीत, आणि स्नायूला किती रक्त पोचणार हे मुख्यतः त्याच ठरवतात. वडिलांना ठिबकच्या भाषेत सांगा: मेन आणि सबमेन तपासली, ड्रिपर कुणी पाहिलेच नाहीत.

या सगळ्या वाहिन्यांना आतून पेशींचा एकच थर असतो, तो एंडोथेलियम. धमनीची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की स्नायूचा जाड गुलाबी पट्टा आधी नजरेत भरतो. आतल्या काठावर चपट्या केंद्रकांची एक ओळ असते, ती शोधावी लागते. नमुना नीट हाताळला नाही तर ती खरवडून जाते. अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट या औषधशास्त्रज्ञाच्या प्रयोगात हेच घडत होतं. सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलीन हे रसायन टाकलं की काही पट्ट्या सैलावत, काही आवळत. आवळणाऱ्या पट्ट्यांची आतली बाजू तयारी करताना घासली गेली होती! स्नायूला ‘सैल हो’ सांगणारं काहीतरी या पेशी सोडतात, हे त्यांनी 1980 मध्ये मांडलं. ते म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे 1987 मध्ये कळलं. 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. 1987 चा भक्कम पुरावा देणारे साल्वाडोर मोंकाडा राहून गेले, ते मला अजून खटकतं.

चालताना रक्ताचा वेग वाढतो, तो या पेशींना जाणवतो. त्या आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतात आणि वाहिनी रुंदावते. शुगर सतत वाढलेली असली की पेशींत सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं एक उपद्रवी रूप) तयार होतं आणि ते हा वायू स्नायूपर्यंत पोचायच्या आतच संपवतं. हृदय जास्त रक्त मागतं, बारीक वाहिन्या उघडत नाहीत, छाती भरून येते. थराचं काम असं बिघडणं म्हणजेच फाइलवरचं ‘एंडोथेलियल डिसफंक्शन’. तंबाखू, बीपी, वाढलेलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) यांचाही हाच उद्योग. वर हा थर चिकट होतो, पांढऱ्या पेशी त्याला धरून आत शिरतात आणि पुढे ब्लॉकेज बनतं ते इथूनच. म्हणून आज ब्लॉकेज नाही याचा अर्थ धमनी निरोगी आहे असा नाही.

गरोदरपणात बीपी वाढतं त्या प्रीएक्लॅम्पसिया नावाच्या आजारातही हाच थर बिघडतो. डेंग्यूतही. पावसाळा सरता सरता आमच्याकडे फोन सुरू होतात, “मॅडम, प्लेटलेट किती?” हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती, हे कुणी विचारत नाही. खरा धोका असतो तो या थरातून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बाहेर झिरपण्याचा, आणि तो चढत्या हिमॅटोक्रिटमध्ये दिसतो.

आता पावडर. कच्चा माल वाढवला की वायू वाढेल, हे ऐकायला पटतं. पण आर्जिनिन शरीरात पुरेसं असतं, अडतं पुढे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 153 रुग्णांवर झालेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. फायदा काही दिसला नाही, उलट आर्जिनिन घेणाऱ्यांत 6 मृत्यू झाले आणि ते न घेणाऱ्या गटात एकही नाही. नवे रुग्ण घेणं थांबवावं लागलं. वडिलांना अटॅक आलेला नाही, तरी मी ती पावडर देणार नाही.

त्यापेक्षा लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ही तपासणी करा. स्वस्त आहे, आणि शुगरचे निम्मे पेशंट ती टाळतात असा माझा अनुभव आहे. मूत्रपिंडाच्या गाळणीलाही हाच थर असतो. तो बिघडला की अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत झिरपतं. क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे ते 30 मिलिग्रॅमच्या आत हवं. सकाळची पहिली लघवी द्या. ताप असेल किंवा आदल्या दिवशी फार दमणूक झाली असेल तर नको. जास्त आलं तर पुन्हा करा, एका रिपोर्टवर ठरवू नका.

डॉक्टरांनी दिलेल्या बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांपैकी काही या थरालाही सांभाळतात, त्या मनानं बंद करू नका. “बागेत दिवसभर राबतो की!” हे उत्तर येणारच. छाटणीला उभं राहणं आणि झपझप चालणं यात फरक आहे, रक्ताचा वेग चालण्यानं वाढतो. किती आणि कसं चालायचं ते मात्र डॉक्टरांना विचारून.

आणि बसल्या जागी छाती दाबून आली, घाम फुटला, तर अँजिओग्राफी नॉर्मल होती म्हणून सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन लावा.