ताई, बाप्तिस्म्याचा दाखला हँडबॅगेत ठेवा

सलाम ताई. तुमचं वाचलं. मिस्टरांना अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला नोकरी लागलीये, जानेवारीत निघायचंय, दोन मुलं शाळेतली, आयुष्यभर नगरला सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीत वाढलात, आणि आता एका दमात विचारलंय की तिकडे आपलं चर्च आहे का, एपिस्कोपल म्हणजे आपल्यातलंच का, पत्र लागतं का, ईस्टरला काय असतं, आणि ते लोक प्रार्थना तरी करतात का. (स्पेलिंग बघून वॉर्सेस्टर म्हणाल, मीही म्हणायचे, इथे वूस्टरच म्हणतात.) मी २०११ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, माहेर नेवाशाकडचं, सासर नगरचं, तेव्हा तुमचा प्रश्न माझाच होता म्हणा ना. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी कागदांचं. तुमचे चौघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, तुम्हा दोघांचे दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे), आणि पाळकसाहेबांकडून मंडळीच्या लेटरहेडवर इंग्रजीत सभासदत्वाचं पत्र, सहीशिक्क्यासकट. दारात कुणी मागत नाही, पण पुढे रजिस्टरमध्ये नाव घालताना किंवा मुलांच्या दृढीकरणाच्या वेळी लागतं, आणि इथून फोन करून आपल्या चर्च ऑफिसातून जुना दाखला काढायचा म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या नवऱ्याचा दाखला यायला दीड वर्ष लागलं.

आता आपलंच का, तर हो आणि नाही. गंमत अशी की नगरला आपल्याकडे जे अमेरिकन मिशन आलं १८३१ मध्ये, त्यांच्या बोर्डाचं ऑफिस होतं बॉस्टनला, पण ते लोक काँग्रिगेशनल, म्हणजे बिशप नसलेले, प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघणारी. म्हणजे इथे गावोगावी पांढऱ्या लाकडाचं, उंच टोकदार मनोऱ्याचं जे चर्च दिसेल ना, ते खरं आपलं आजोळ. मी पहिले दोन महिने तिथेच गेले, माणसं फार चांगली, पण प्रभुभोजन (भाकर आणि वाइनचा विधी) महिन्यातून एकदा आणि मला दर रविवारी हवं होतं, शिवाय गुडघे टेकायची सवय. एपिस्कोपल म्हणजे अमेरिकेतलं अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं चर्च, इंग्लंडपासून तुटल्यावर १७८९ मध्ये वेगळं उभं राहिलेलं. आणि आपलं सीएनआय १९७० मध्ये नागपुरात झालं तेव्हा त्यात अँग्लिकनही आले आणि अमेरिकन मिशनवाल्यांचे वारसही, त्यामुळे आपण दोन्हीकडचे. सीएनआय अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चेसच्या कुटुंबात आहे, सहभागिता पूर्ण आहे, म्हणजे पहिल्याच रविवारी तुम्ही वेदीपाशी जाऊन प्रभुभोजन घेऊ शकता. वाइन खरी असते हां, द्राक्षरस नाही, मुलांना आधी सांगून ठेवा. घ्यायचं नसेल तेव्हा हात छातीवर आडवे धरायचे, मग फक्त आशीर्वाद देतात.

आणि पंडिता रमाबाई! त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन सिस्टरांकडे झाला, चर्च ऑफ इंग्लंडच्या कॅलेंडरात ३० एप्रिल हा त्यांचा दिवस आहे. पुढे त्या अमेरिकेत फिरल्या आणि १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला त्यांच्या कामासाठी असोसिएशन स्थापन झाली, तिच्या उपाध्यक्षांमध्ये ट्रिनिटी चर्चचे रेक्टर (मुख्य पाळक) फिलिप्स ब्रूक्स होते, एपिस्कोपलच. ते चर्च कोप्ली स्क्वेअरला आजही आहे, बॉस्टनला जाल तेव्हा आत जाऊन बसा पाच मिनिटं. परक्या ठिकाणी आलोय असं मला तरी तिथे वाटलं नाही.

मराठी उपासना मात्र मला आमच्या भागात मिळाली नाही. मराठी मंडळात गणपती आणि दिवाळी झोकात होते, जा, मी जाते, मोदक उत्तम असतात. पण ना. वा. टिळकांचा अभंग म्हणायचा तर घरीच.

आता प्रार्थना. हे जरा सावकाश सांगते कारण मला स्वतःला समजायला चार-पाच वर्षं गेली. आपल्याकडे घरगुती प्रार्थनासभा असते, सतरंजी टाकतात, कोपऱ्यातली आजी डोळे मिटून सुरू करते ती वीस मिनिटं थांबत नाही, नातवाच्या दहावीपासून शेजारणीच्या गुडघ्यापर्यंत सगळं देवाच्या कानावर घालते, आणि रडतेसुद्धा. इथे तसं काही नाही. इथे पुस्तक आहे, बुक ऑफ कॉमन प्रेयर, १९७९ चं, लाल नाहीतर काळं, बाकाच्या मागे खोचलेलं, आणि सगळं त्यातून वाचायचं, पाळकही वाचणार, आपणही वाचणार. मी नवऱ्याला म्हटलं, हे लोक प्रार्थना करत नाहीत, प्रार्थना वाचतात. दुसऱ्या वर्षी बाळंतपणानंतर मी फार खचले होते, रात्री झोप नाही, स्वतःचे म्हणून दोन शब्द देवासमोर काढायचे तर निघेनात. तेव्हा पुस्तकातली झोपण्याआधीची छोटी उपासना, कॉम्प्लिन म्हणतात तिला, ती आपोआप तोंडात यायला लागली, रविवारी ऐकून ऐकून बाकीचंही पाठ झालंच होतं. माझी आज्जी बाप्तिस्मा घेण्याआधीच्या घरातला हरिपाठ म्हातारपणीही विसरली नव्हती, ते आठवलं. पाठ असलेलं अडचणीत उपयोगी पडतं, माणूस गप्प झाला तरी ओठ हलत राहतात. म्हणून ‘नुसतं वाचतात’ म्हणून पहिल्याच महिन्यात चर्च बदलू नका, मी जवळजवळ बदललं होतं.

बाकी पहिल्या रविवारी काय काय चमत्कारिक वाटेल ते सांगते. डोक्यावर पदर कुणी घेत नाही, मी अजून ओढणी घेते, कुणी काही म्हणत नाही. पाळकाला नावाने हाक मारतात, आमच्या रेक्टर बाई आहेत, आणि ऐंशी वर्षांचे आजोबाही त्यांना नुसतं पहिलं नाव घेऊन बोलावतात, माझ्या तोंडातलं ‘साहेब’ जाईना म्हणून मी बरेच दिवस हाकच मारली नाही. आठची उपासना शांत, गाण्याविना, जुन्या इंग्रजीतली, आणि दहाची क्वायरवाली, मुलं असतील तर दहालाच जा. आमच्याकडे रविवारी साठ-सत्तर माणसं, बहुतेक डोकी पांढरी. नगरला नाताळाला मांडवात बसायला जागा नसते ते डोळ्यासमोर ठेवून आलात तर निराश व्हाल. मुलांच्या वयाची मुलं कमी असतील, कारण इथे सॉकर आणि हॉकी रविवारी सकाळीच ठेवतात, तेव्हा दोन-तीन चर्चेस बघून जिथे संडे स्कूल खरोखर भरतं तिथे जा. शिकवायला उभं राहाल तर आधी बॅकग्राउंड चेक आणि एक ट्रेनिंग करावं लागतं, वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांनाच असतं.

उपासनेनंतर हॉलमध्ये कॉफी असते, खरी मंडळी तिथे कळते. नावं लिहायचा तक्ता असतो, आपण एक रविवार घ्यायचा, दुकानातली बिस्किटं नेली तरी चालतात, मी समोसे नेले आणि तेव्हापासून सुटका नाही. पण एक लक्षात ठेवा, इथे कुणी न सांगता घरी येणार नाही. पहिली तीन वर्षं मला वाटायचं थंड आहेत ही माणसं. मग माझं ऑपरेशन झालं तर कुणीतरी ऑनलाइन यादी केली आणि दोन आठवडे रोज साडेपाचला दारात एक झाकलेला डबा, चीज घातलेल्या मॅकरोनीचा नाहीतर चिकनचा, बेल वाजवून माणूस गाडीत परत. आत या म्हटलं तरी येत नाहीत, तुम्ही विश्रांती घ्या म्हणतात. तिखट कशातच नव्हतं, आम्ही लोणचं लावून खाल्लं.

पैशांचं थोडक्यात सांगते. इथे थाळीत टाकण्यापेक्षा ‘प्लेज’ असतं, शरद ऋतूत कार्ड येतं, पुढच्या वर्षी किती देणार ते लिहून द्यायचं, त्यावर व्हेस्ट्री म्हणजे आपली पंचकमिटी बजेट करते. जानेवारीत वार्षिक सभा असते, तुम्ही पोचाल तेव्हाच असेल, भांडणं आपल्यासारखीच होतात, फक्त आवाज खालचा. आपल्या कापणीच्या सणाला अंडी-कोंबड्यांचा लिलाव होतो ना, एक अंडं पाचशे रुपयांना, त्याची मात्र फार आठवण येते.

ईस्टर. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) इथे सुट्टी नसते, हे आधीच लिहून ठेवा, आणि ईस्टरच्या सोमवारीही नसते, नवऱ्याला रजा टाकायला सांगा. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की, हालेलूया (देवाची स्तुती असो) म्हणणं बंद, आमच्याकडे मुलं रंगीत कागदावर तो शब्द लिहितात आणि चक्क पेटीत घालून ठेवतात, पुरल्यासारखा, चाळीस दिवस कुणी उच्चारायचा नाही, गाण्यातही नाही. झावळ्यांचा रविवार आपल्यासारखाच. गुरुवारी पाय धुतात, मग वेदीवरचं सगळं, कापड, मेणबत्त्या, काढून नेतात, दिवे मालवतात आणि बाजूच्या छोट्या खोलीत रात्रभर जागरण असतं, एकेक तास वाटून घ्यायचा. मी दरवर्षी रात्री दोन ते तीनचा घेते, कारण तो कुणालाच नको असतो. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं, बाहेर कधी पाऊस कधी बर्फ. शुक्रवारी तीन तासांची, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरची उपासना आपल्यासारखी शोधाल तर आमच्याकडे नाही, दीड तासात आटोपतं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आणि शनिवारी रात्री व्हिजिल, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना, ही चुकवू नका. अंधार पडल्यावर सगळे बाहेर अंगणात, थंडीने दात वाजतात, नवा अग्नी पेटवायचा, आमच्याकडे तो कुणाच्यातरी घरच्या बार्बेक्यूच्या शेगडीत पेटवतात, त्यावरून मोठी पास्काची, म्हणजे ईस्टरची मेणबत्ती, तिच्यावरून प्रत्येकाची, आणि मग अंधाऱ्या चर्चमध्ये शिरायचं. उत्पत्तीपासून वाचन सुरू होतं, तांबड्या समुद्राचा धडा असतोच असतो. आपल्याकडे पहाटे कब्रस्थानात मेणबत्त्या लावतो तेव्हा जे वाटतं तेच. मग एकदम दिवे लागतात, सगळ्यांनी घरून आणलेल्या घंटा वाजतात, आणि पुरलेला शब्द बाहेर येतो. ख्रिस्त उठला आहे म्हटलं की खरोखर उठला आहे म्हणायचं, आपल्यासारखंच.

२०१९ च्या मार्चमध्ये माझे वडील गेले. पासपोर्ट रिन्यूअलला गेलेला, आणि असता तरी आपल्याकडे दुसऱ्या दिवशी माती देतात, पोचले नसतेच. व्हॉट्सॅपवर बघितलं, नेटवर्क मध्येच जात होतं. रेक्टर बाई घरी आल्या, न कळवता आल्या, हे मला फार मोठं वाटलं, आणि म्हणाल्या शुक्रवारी संध्याकाळी आपण त्यांच्यासाठी उपासना करू. अकरा माणसं आली, एकानेही वडिलांना पाहिलेलं नव्हतं. उपवासकाळ होता तरी बाईंनी जांभळा नाही, पांढरा झगा घातला, आणि गेल्या ईस्टरची मेणबत्ती, जळून जळून निम्म्याहून कमी राहिलेली, पुढे आणून लावली. त्या पुस्तकात लिहिलंय की मेलेल्यांसाठीची उपासना ही ईस्टरचीच उपासना आहे, म्हणून कबरेपाशीसुद्धा आमचं गाणं हालेलूया. चाळीस दिवस मुलांना जो शब्द उच्चारू देत नाहीत तो तीनदा म्हटला त्या दिवशी. मला तोवर पुनरुत्थान म्हणजे मोठ्या सणाचा उपदेश वाटायचा, बोलायला सोपा. त्या वर्षी ईस्टरला लिलीच्या कुंड्या देतात आठवणीसाठी, पत्रकात नावं छापतात, त्यात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग असं काही केलं होतं की ते स्वतः हसले असते.

डिसेंबरात गावी गेले तेव्हा गोठ्यात बैलाची जुनी घुंगुरमाळ होती ती घेऊन आले, व्हिजिलला वाजवायला. आणि २०२० ला चर्चच बंद! झूमवर व्हिजिल, प्रभुभोजन नाही, आणि घंटेची वेळ आली तर अर्धे लोक म्यूटवर. मी स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर ती माळ हलवली, शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

एक गोष्ट घरच्यांशी आधी बोलून घ्या. एपिस्कोपलमध्ये स्त्रिया पाळक आहेत, बिशप आहेत, अख्ख्या अँग्लिकन कम्युनियनमधली पहिली स्त्री बिशप, बार्बरा हॅरिस, हिचा दीक्षाविधी १९८९ मध्ये बॉस्टनलाच झाला. आणि २०१५ पासून दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं लग्न चर्चमध्ये लागतं. आमच्या सासूबाई इथे आल्या तेव्हा पहिल्याला टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्यावरून आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी माझं मत तुमच्यावर लादत नाही, पण बाकावर शेजारी तसं कुटुंब बसेल आणि शांतीची सलामी द्यायला हात पुढे करेल, तेव्हा मुलांसमोर गोंधळायला नको.

२०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे, राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला, म्हणजे सामान उघडून होतंय तोवर उपवासकाळ लागेल. व्हिजिल २७ च्या रात्री, अंगणात अर्धा तास उभं राहावं लागेल, मुलांचे जाड मोजे नगरला घेऊ नका, ते इथेच घ्या, तिकडचे पुरत नाहीत. आणि घरात एखादी छोटी घंटा असेल तर बॅगेत टाका.