करार संपलाय, पाच महिन्यांचं भाडं थकलंय. भाडेकरू गावी गेलाय तोवर फ्लॅटचं कुलूप बदलू का?

नका बदलू. फ्लॅट तुमचा, पैसे तुमचे बुडालेत आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार दोन महिन्यांपूर्वीच संपलाय. सगळं तुमच्या बाजूनं आहे. कुलूप बदललंत की भाडं बुडवणारा फिर्यादी होतो आणि उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. पुण्यात मी घरभाड्याचीच प्रकरणं चालवतो. अशील "फक्त एक कुलूप, वकीलसाहेब" म्हणाला की मी आधी चहा मागवतो, कारण आता वेळ लागणार असतो.

विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ६ बघा. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढला गेला, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मागता येतो आणि त्या दाव्यात "पण मालक मी आहे" हा बचाव चालत नाही. लायसन्सची मुदत संपली म्हणून मालकाला स्वतःच ताबा घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच 'कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा वेंकट राव' या मुंबईच्या प्रकरणात सांगितलंय. शिवाय पोलिसांत अतिक्रमणाची तक्रार होऊ शकते ती वेगळीच.

सामानाचा घोळ तर विचारू नका. एका घरमालकानं भाडेकरूच्या माघारी किल्लीवाला बोलावून दार उघडलं, सगळं खोक्यांत भरलं आणि जिन्याखाली ठेवलं. पंचनामा नाही, व्हिडिओ नाही. परत आल्यावर भाडेकरू म्हणाला, कपाटात चार तोळे सोनं होतं. होतं की नव्हतं, देव जाणे! पण नव्हतं हे कसं दाखवणार?

गच्चीवरचा पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा सल्लाही कुणीतरी देईलच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नं पाणी-वीज तोडायला मनाई आहे. ते भाडेकरूंसाठी लिहिलंय, लायसन्सीला (लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याला, कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू नव्हे) लागू होतं का यावर वाद घालता येईल. पण तो वाद तुम्हाला आरोपी म्हणून घालायचाय का?

तुमचा रस्ता त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्यानं प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर त्याला लढताच येत नाही. लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा धरतात. आणि मुदत संपल्यापासूनच्या काळासाठी दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. म्हणजे तुमच्या पाचांपैकी शेवटचे दोन महिने दुपटीनं. आधीच्या तीन महिन्यांची थकबाकी डिपॉझिटमधून वळती करा. डिपॉझिट पुरलं नाही तर उरलेल्या रकमेसाठी दिवाणी दावा, तीन वर्षांच्या आत. (कलम २४ चा हा रस्ता दुकानाला लागू नाही. आणि करार नुसता नोटरी केलेला असता तर माझं उत्तर बरंच लांबलं असतं: नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे, ती नसेल तर अटींबाबत आधी समोरच्याचं म्हणणं खरं धरतात.)

वेळ लागेल. कायद्यातल्या मुदती आणि टेबलावरच्या फायली यांची गाठ क्वचित पडते. पण ताब्यासाठी नेहमीचा दिवाणी दावा लावण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

आजच वकिलामार्फत नोटीस पाठवा, स्पीड पोस्टानं आणि व्हॉट्सॲपवरही. त्यानं मधेच पैसे टाकले तर घ्या, पण लगेच लेखी कळवा की ही नुकसानभरपाईपोटी, हक्क राखून स्वीकारलेली रक्कम आहे. भाडं म्हणून घेतली तर करार चालू राहिल्याचा मुद्दा उभा राहतो. नोटीस मिळताच बरेचजण सामान हलवतात. तसं झालं तर किल्ली हातात घेताना ताबा पावती लिहून घ्या: तारीख, मीटरचं रीडिंग, डिपॉझिटचा हिशेब आणि दोघांच्या सह्या.